दिवसाला तेरा सेकंद येतात कुठून? कर्नलचा टिक आणि भागाकारातली बाकी

११,९३,१८२ ला १,००० ने भागा. उत्तर ११९३.१८२. कागदावर हे उत्तर कुणाचं काही बिघडवत नाही. पण ज्या टायमर चिपमध्ये तो आकडा भरायचा, तिला फक्त पूर्णांक कळतो. मग ११९३ भरला जातो आणि .१८२ सुटतं. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, या सुटलेल्या तुकड्याचा हिशोब ठेवला नाही, तर त्या यंत्राचं घड्याळ दिवसाला १३.२ सेकंद पुढे पळतं. महिन्याला साडेसहा मिनिटं.

पीथमपूरला किंवा सांवेर रोडला एखाद्या कारखान्यात भट्टीचं तापमान नोंदवणारा जुना पीसी असतो, त्याला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नसतं. त्यातल्या नोंदींची वेळ आणि गेटवरच्या हजेरी मशीनची वेळ जुळेनाशी झाली, की पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा क्रिस्टलवर. भागाकारावर संशय घेणारा क्वचितच भेटतो. इंदुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आणि अशी यंत्रं सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हा भागाकार नीट उलगडून सांगायला हवा, कारण एकदा तो कळला की नुसता आकडा पाहून दोष ओळखता येतो.

आधी टिक म्हणजे काय ते पाहू. बोर्डावरचा क्रिस्टल ठरावीक वेगाने स्पंदनं देतो. टायमर चिपमध्ये एक आकडा भरलेला असतो, तो दर स्पंदनाला एकाने कमी होतो, शून्यावर आला की चिप प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातचं काम थांबवायला लावणारा इशारा, देते आणि तोच आकडा पुन्हा भरून घेते. या एका फेरीला टिक म्हणतात. सेकंदाला किती टिक हवेत, हे कर्नल बनवताना ठरतं. लिनक्समध्ये त्या स्थिरांकाचं नाव एचझेड. मशीन सुरू झाल्यापासून किती टिक झाले हे मोजणाऱ्या चलाचं नाव जिफीज. टाइमआउट, ड्रायव्हरचं थांबणं, नेटवर्कवरचे पुनःप्रयत्न, हे सगळं वर्षानुवर्षं या जिफीजच्या भाषेत लिहिलं गेलं आणि आजही बरंचसं लिहिलं जातं.

११,९३,१८२ हा विचित्र आकडा आला टीव्हीमुळे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल होता. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताची जी फ्रिक्वेन्सी, तिच्या तो बरोबर चौपट. अशा क्रिस्टलमुळे रंगीत टीव्हीला लागणारा संकेत सहज काढता येई. याच फ्रिक्वेन्सीला ३ ने भागून प्रोसेसर चालवला आणि १२ ने भागून टायमर. सेकंदाचे सुबक हजार किंवा शंभर भाग पडावेत हा विचार त्या आकड्यात कधी नव्हताच, आणि पीसीच्या पुढच्या पिढ्यांनी तो जसाच्या तसा सांभाळला.

आता वेगवेगळ्या एचझेडला काय होतं ते बघा. १०० ला भागाकार ११,९३१.८२ येतो. जवळचा पूर्णांक ११,९३२. चूक दहा लाखांत १५ ची, म्हणजे १५ पीपीएम, दिवसाला १.३ सेकंद मागे. २५० ला ४७७२.७२८, भरायचे ४७७३. ५७ पीपीएम, दिवसाला ४.९ सेकंद मागे. ३०० ला ३९७७.२७, भरायचे ३९७७. ६९ पीपीएम, दिवसाला ५.९ सेकंद पुढे. १००० ला सुरुवातीला पाहिलेले १५३ पीपीएम. टिक जितका बारीक, तितका भरायचा आकडा लहान, आणि लहान आकड्यात अर्ध्या एककाची चूकही मोठी ठरते. म्हणून एचझेड वाढवल्यावर घड्याळ जास्त अचूक होईल ही समजूत इथे उलटी पडते. बारकावा वाढतो, अचूकपणा घटतो.

यात आणखी एक फरक दडला आहे. सी भाषेतला भागाकार अपूर्णांक सरळ कापतो, जवळच्या पूर्णांकाकडे जात नाही. २५० ला नुसता भागाकार केला तर ४७७२ येतात आणि चूक ५७ वरून १५३ पीपीएमवर जाते. म्हणून लिनक्सच्या जुन्या कोडमध्ये भागण्याआधी अंशात एचझेडचा अर्धा मिळवलेला दिसतो: (घड्याळाची फ्रिक्वेन्सी + एचझेड / २) / एचझेड. ती बेरीज अनावश्यक वाटून कुणी काढून टाकली, तर कंपायलर काही बोलणार नाही.

मग दशांश वापरून हे का करत नाहीत? कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट जवळपास वर्ज्य आहे. इंटरप्ट आला की कर्नल प्रोसेसरची नेहमीची रजिस्टरं जपून ठेवतो, फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टरं जपत नाही, कारण दर वेळी ती साठवायला वेळ लागतो. कर्नलने ती न विचारता वापरली, तर त्या क्षणी चालू असलेल्या एखाद्याच्या प्रोग्रॅमचं गणित गुपचूप बिघडेल. त्यामुळे सारा कारभार पूर्णांकांतच होतो.

पूर्णांकात काम करणं हा दोष नाही. बाकी उरणारच. दोष होतो तो दर टिकला उरलेली बाकी फेकून दिल्याने. आपलं पंचांग याच पेचातून शतकानुशतकं वाट काढत आलं आहे: चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं, दरवर्षी ११ दिवसांची बाकी उरते. ती टाकून दिली असती तर दिवाळी फिरत फिरत उन्हाळ्यात आली असती. पंचांग ती साठवून ठेवतं आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालतं. कर्नललाही अगदी हेच करावं लागतं.

युनिक्सच्या बीएसडी कुळातल्या कर्नलांनी ते कसं केलं हे पाहण्यासारखं आहे. तिथे टिकची लांबी मायक्रोसेकंदांत ठेवत: १०,००,००० भागिले एचझेड. अल्फा प्रोसेसरच्या मशीनवर एचझेड १०२४ होतं. भागाकार ९७६, आणि १०२४ गुणिले ९७६ म्हणजे ९,९९,४२४. दर सेकंदाला ५७६ मायक्रोसेकंद गायब! दिवसाला जवळपास ५० सेकंद. त्यात आणखी एक अडचण. नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीची घड्याळ-दुरुस्ती ५०० पीपीएमपर्यंतच ताणता येते, त्यामुळे ५७६ पीपीएमची चूक नेटवर्कवरून वेळ घेऊन वेग सुधारण्याच्याही पलीकडची. उपाय छोटासा होता. ५७६ आणि १०२४ या दोन्हींना ६४ ने भाग जातो, उरतात ९ आणि १६. म्हणजे दर १६ टिकनंतर घड्याळात ९ मायक्रोसेकंद जास्तीचे घालायचे. सेकंदाला ६४ वेळा ९, बरोबर ५७६. बाकी पूर्ण फिटली आणि दशांश कुठेच लागला नाही.

लिनक्सने दुसरी वाट घेतली. चिपमध्ये ११९३ भरले आहेत ना, मग टिक १ मिलिसेकंदाचा आहे असं मानायचंच नाही. त्याची खरी लांबी ९,९९,८४८ नॅनोसेकंद आहे, तेवढीच दर वेळी घड्याळात मिळवायची. २.६ मालिकेच्या सुरुवातीच्या काळात इंटेल मशीनवर नेमकं हे चालत असे. भिंतीवरची वेळ बरोबर झाली. पण चूक तिथून उठून दुसरीकडे गेली, आणि ती जरा जवळून पाहू.

एखादा प्रोग्रॅम म्हणतो, मला १० मिलिसेकंद झोपव. कर्नल १,००,००,००० ला ९,९९,८४८ ने भागतो: १०.००१५. झोप मागितल्यापेक्षा कमी होता कामा नये हा नियम, म्हणून वर गोळा करून ११. शिवाय मागणी आली तेव्हा चालू टिक किती सरला आहे हे ठाऊक नाही. तो संपतच आला असेल तर पहिला इंटरप्ट लगेच येईल आणि तो पूर्ण टिक म्हणून मोजला जाईल. त्यासाठी आणखी एक मिळवायचा. झाले १२. मागितले १० आणि मिळाले ११ ते १२ मिलिसेकंदांच्या मधले काहीतरी. टिक काटेकोर १ मिलिसेकंदाचा असता तर १० अधिक १, म्हणजे ११ टिकांत भागलं असतं. .००१५ एवढ्याशा शेपटीसाठी पूर्ण एक टिक वाढला. सेकंदाला शंभर नमुने घेण्याच्या बेताने लिहिलेला लूप अशा मशीनवर ऐंशी-नव्वदच्या घरात रेंगाळतो, आणि लिहिणारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

ही गोष्ट सुटली ती टिकपासूनच फारकत घेतल्यावर. २.६.१६ मध्ये, २००६ साली, नॅनोसेकंदांत मोजणारे हाय-रिझोल्यूशन टायमर आले. २.६.२१ मध्ये, २००७ साली, हार्डवेअरचा टायमर हव्या त्या क्षणाला लावण्याची आणि रिकाम्या प्रोसेसरला टिक न देण्याची सोय झाली. दरम्यान २००५ मध्ये २.६.१३ पासून एचझेड निवडीचा विषय झाला होता आणि काही न निवडल्यास मिळणारा आकडा २५० ठरला. ३०० चा पर्याय व्हिडिओवाल्यांसाठी: आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या २५ फ्रेमनाही तो निःशेष भागला जातो आणि अमेरिकेच्या ३० लाही.

टिक मागे पडला, तरी भागाकार संपला नाही. आता घड्याळ वाचलं जातं ते एका सतत चालणाऱ्या काउंटरवरून. काउंटरची स्पंदनं नॅनोसेकंदांत बदलायची, तर दर वेळी भागाकार करणं महाग पडतं. म्हणून एक गुणक ठरवतात: स्पंदनं गुणिले गुणक, आणि उत्तर उजवीकडे ठरावीक बिट सरकवायचं, म्हणजे २ च्या त्या घाताने भागायचं. एआरएम बोर्डांवर २४ मेगाहर्ट्‌झचा काउंटर बरेचदा दिसतो. त्याचं एक स्पंदन ४१.६६६… नॅनोसेकंदांचं. ८ बिट सरकवायचं ठरवलं तर गुणक १०,६६६.६७, म्हणजे १०,६६७. चूक ३१ पीपीएम, दिवसाला २.७ सेकंद. २४ बिट घेतले तर गुणक ६९,९०,५०,६६७ आणि वर्षभरात चूक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या दीडपट. मग सरळ २४ घ्यावेत की! पण गुणाकार ६४ बिटांत मावला पाहिजे. २४ बिटांना ती मर्यादा १,०९९ सेकंदांत, म्हणजे अठरा मिनिटांत, गाठली जाते. ८ बिटांना ८३४ दिवस लागतात. अचूकपणा आणि मुदत यांची ही सरळ ओढाताण आहे. कर्नल मोठा गुणक घेतो आणि मुदत भरण्याच्या खूप आधी दर वेळी हिशोब करून शिल्लक पुढे नेतो. तो हिशोब वेळेत झाला नाही तर घड्याळ एकदम मागे उडी मारतं.

असं प्रत्यक्षात घडलंही. एका काळच्या लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल कुळातल्या प्रोसेसरच्या) कोडमध्ये, कुठला प्रोग्रॅम कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या शेड्यूलरच्या घड्याळासाठी १० बिटांची सरक होती आणि मधला हिशोब करणारं कुणी नव्हतं. ६४ मधून १० गेले, उरले ५४. २ चा ५४ वा घात इतके नॅनोसेकंद म्हणजे २०८.५ दिवस. सात महिने विनातक्रार चाललेले सर्व्हर त्या दिवशी आपटत. २०११ मध्ये ती दुरुस्ती झाली. चाचणीत हे कसं सापडणार? सात महिने कोण थांबतं?

हाच विचार जिफीजच्या बाबतीत लिनक्सने फार सुज्ञपणे केला आहे. ३२ बिटांचा जिफीज एचझेड १०० ला ४९७ दिवसांनी, २५० ला १९९ दिवसांनी आणि १००० ला ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर येतो. विंडोज ९५ चं ४९.७ दिवसांनी अडकणं याच आकड्याचं, तिथे मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा चल होता. लिनक्स जिफीजची सुरुवात शून्यापासून करतच नाही, भरण्याच्या ५ मिनिटं आधीच्या आकड्यापासून करतो. ज्या ड्रायव्हरला हा फेरा झेपत नाही तो मशीन सुरू केल्यावर पाचव्या मिनिटालाच उघडा पडतो. म्हणूनच दोन जिफीजची तुलना थेट ‘पेक्षा मोठा’ चिन्हाने करू नये. टाइम_आफ्टर हा मॅक्रो वापरावा, तो आधी वजाबाकी करतो आणि मग चिन्ह पाहतो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडून होणाऱ्या चुका मात्र इतक्या खोल नसतात. त्या एका ओळीच्या असतात.

‘एचझेड / १००० * मिलिसेकंद’ असं लिहिलं तर २५० ला पहिला भागाकारच शून्य येतो आणि काहीही मागा, वाट शून्य टिकची. लिहिणाऱ्याच्या मशीनवर एचझेड १००० असतं, म्हणून त्याच्याकडे सगळं बरोबर चालतं. क्रम उलटवून आधी गुणलं तर शून्य टळतं, पण ३२ बिटांत एचझेड १००० असताना ४२,९४,९६७ मिलिसेकंदांच्या पुढे, म्हणजे सुमारे ७१ मिनिटांनंतर, गुणाकार ओसंडतो. तासाभराचा टाइमआउट चालतो, दोन तासांचा ४८ मिनिटांतच संपतो. ‘एचझेड / २००’ म्हणजे ५ मिलिसेकंद असं समजून लिहिलेली ओळ एचझेड १०० च्या कर्नलवर शून्य होते. जिथे थांबून हार्डवेअरची वाट पाहायची तिथे ड्रायव्हर न थांबता पुढे जातो. आणि ‘१००० / एचझेड’ने भागणारी ओळ १०२४ ला सरळ शून्याने भागते. तिथे मशीन कोसळतं, आणि खरं तर हे बरं, कारण निदान दिसतं तरी.

म्हणून रूपांतर हाताने करूच नये. एमसेक्स_टू_जिफीज हे फंक्शन एचझेड काय आहे ते पाहून योग्य रीत निवडतं, ओसंडणं सांभाळतं आणि वरच्या बाजूला गोळा करतं. २५० ला ५ मिलिसेकंद मागितले तर २ टिक मिळतात, म्हणजे ८ मिलिसेकंद. हे जास्त वाटलं तर टिकवर चालणारा टायमर तिथे उपयोगाचा नाही, हाय-रिझोल्यूशन टायमर घ्या. गोळा करण्याची दिशाही नीट ठरवावी लागते: ‘निदान इतकं थांब’ असेल तर वर, ‘आत्तापर्यंत किती वेळ गेला’ असेल तर खाली. दोन्हीकडे जवळचा पूर्णांक घेतला तर कधीतरी मुदतीआधीच मुदत संपल्याचं जाहीर होतं.

पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या टायमरची गोष्ट वेगळी, कारण तिथे चूक साचते. दर १०० मिलिसेकंदांनी वाजणारा टायमर आपल्या फंक्शनमध्ये ‘आत्ताचे जिफीज + अंतर’ असा पुढचा लावला आणि प्रत्येक वेळी एका टिकचा, ४ मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर फेरा १०४ चा होतो. तासाला ३६,००० ऐवजी ३४,६१५ नोंदी. त्याऐवजी ‘आधीची ठरलेली मुदत + अंतर’ असं लावा. उशीर झालाच तर तो त्या एका फेरीपुरता राहतो. साध्या प्रोग्रॅममध्येही क्लॉक_नॅनोस्लीप वापरताना ‘इतका वेळ झोप’ न सांगता ‘अमुक वेळेपर्यंत झोप’ असं सांगणारा पर्याय द्या.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांत ३२,७६८ हर्ट्‌झचा घड्याळी क्रिस्टल असतो. त्यावर १००० चा टिक मागितला तर भागाकार ३२.७६८. ३३ भरले तर दिवसाला दहा मिनिटं मागे, ३२ भरले तर साडेचौतीस मिनिटं पुढे. इथे १००० चा हट्ट सोडून १०२४ घ्यावा. ३२,७६८ भागिले १०२४ म्हणजे नेमके ३२, बाकी शून्य. मग मिलिसेकंदांचं रूपांतर करताना काळजी घ्यावी लागते, पण घड्याळ तरी शुद्ध राहतं.

प्रत्यक्ष यंत्रासमोर बसल्यावर काय करायचं? एचझेड जाणून घ्यायला /बूट फोल्डरमधल्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलीत कॉन्फिग_एचझेड ही ओळ शोधा. गेटकॉन्फ सीएलके_टीसीके वर विसंबू नका; ते नेहमी १०० सांगतं, कारण प्रोग्रॅमना दाखवायचा आकडा जुन्या प्रोग्रॅमसाठी तेवढाच ठेवला आहे. मग चूक मोजा. नेटवर्क असेल तर वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रॅमच्या ट्रॅकिंग आज्ञेत फ्रिक्वेन्सीपुढे पीपीएम दिसतात. नसेल तर मोबाइलच्या वेळेशी आज एकदा आणि बरोबर २४ तासांनी एकदा ताडा. जितक्या सेकंदांचा फरक, त्याला ०.०८६४ ने भागा, की पीपीएम आले.

तो आकडा हातात आला की क्रिस्टल आणि भागाकार वेगळे काढता येतात. क्रिस्टलची चूक प्रत्येक बोर्डाची निराळी असते आणि ती हवामानाप्रमाणे हलते: ३२,७६८ चा क्रिस्टल २५ अंशांवर जुळवलेला असतो, मे महिन्यात इंदूरच्या पत्र्याच्या शेडखाली पेटीतलं तापमान ४५ अंशांवर गेलं की तो आणखी १३-१४ पीपीएम मागे पडतो, आणि थंडीत पुन्हा सावरतो. भागाकाराची चूक ऋतू पाहत नाही. एकाच बनावटीच्या पाच बोर्डांवर चूक एकाच बाजूला, एकाच आकड्याच्या जवळपास, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तीच, असं दिसलं तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. चिपची फ्रिक्वेन्सी घ्या, एचझेडने भागा, बाकी काढा आणि मोजलेल्या पीपीएमशी ताडून पाहा. क्रिस्टलचा हलकासा फरक वगळता ते जुळले, तर जेल रोडच्या बाजारातून तापमान सांभाळणारं डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल आणून लावलं तरी फारसा फरक पडायचा नाही. मशीन सुरू होताना वेळ बरोबर घेतली जाईल आणि तिथून पुढे टिकच्या हिशोबाने पुन्हा रोज तेवढीच सरकेल. बदलायचा आहे तो कर्नलच्या कॉन्फिगमधला आकडा, किंवा बाकी फेकणारी ती एक ओळ.